कोपऱ्यावरचं लिंबू

"काय कुशाबा, पाताळातनं फोन आलाय का?" गोकुळनं चहाच्या टपरीतून विचारलं आणि बाकड्यावरची चार माणसं खो खो हसली.

कुशाबा फुटपाथवर गुडघे टेकून बसला होता. लोखंडी सळईचं एक टोक पेव्हर ब्लॉकच्या फटीत रोवलेलं, दुसरं कानाला लावलेलं, डोळे मिटलेले. पाणी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सळईतून काय काय ऐकू येतं, हे बाकड्यावरच्यांना सांगून कळणार नव्हतं. धड लाइनीतलं पाणी एका सुरात सूं करत जातं. फुटलेल्या लाइनीतलं फुरफुरतं. हे पाणी मात्र खाली कुठंतरी पडत होतं आणि त्या पडण्याचा आवाज मोकळ्या जागेत घुमत होता. तसा आवाज त्यानं आख्ख्या नोकरीत एकदाच ऐकला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यात बसला होता.

"लिकीज हाय," तो उठत म्हणाला. "लई मोठं. खालची माती वाहून चाललीय."

"मग आमाला एक कनेक्शन द्या की राव, फुकट जातंय तर!"

पुन्हा हशा पिकला. कुशाबाही कसनुसा हसला, व्हॉल्व्हची लांब चावी त्यानं खांद्यावर टाकली आणि तो पुढच्या गल्लीला पाणी सोडायला निघाला.

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांची माणसं ज्या गावात बाजाराला येतात, त्या गावाला कुशाबा पाणी सोडायचा. स्वतः बोरीचा. घरची थोडी शेती भावाकडं, आणि हा ऐन पंचविशीत नोकरीला लागून इथं आला तो इथलाच झाला. उजाडता उजाडता त्याचा फेरा सुरू व्हायचा. मान सदा खाली. माणसांची तोंडं त्याला उशिरा ओळखू यायची, पण कुणाच्या दारची फरशी हलते, कुणाच्या पायरीला नवी चीर गेली, कुठलं डबकं ऊन लागूनही वाळत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. बायको म्हणायची, "तुमी रस्त्यावर पडल्यालं सोनं उचलाल एक दिवस." सोनं काही सापडलं नाही. सापडायचं ते असलंच काहीतरी.

या कोपऱ्यावर तो पंधरा दिवस डोळा ठेवून होता. धरमचंदशेठच्या किराणा दुकानाची पायरी आणि फुटपाथ यांच्यात आधी नख जाईल एवढी फट होती. मग बोट जायला लागलं. ब्लॉक मधोमध ताटासारखे खोल झाले होते. एक तांबडं कुत्रं वर्षानुवर्षं तिथं सावलीला झोपायचं. आठवडा झाला, ते आता रस्त्यापलीकडं उन्हात झोपत होतं. कुत्र्यानं जागा बदलली तेव्हाच कुशाबा सावध झाला होता.

ऑफिसात धाकटे साहेब होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "वर पाणी दिसतंय का?"

"वर न्हाई साहेब. खाली जातंय समदं."

"वर दिसत नाही तर फोटो कशाचा पाठवू मी? अर्ज लिहून ठेवा. यादीत टाकतो."

कुशाबानं अर्ज लिहून ठेवला आणि स्वतःच्या अधिकारात त्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद केला. वरच्या आळीच्या बायका दुपारच्या आत रिकामे हंडे घेऊन ऑफिसात हजर! साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, व्हॉल्व्ह उघडायला लावला. मग त्यानं कोपऱ्यावर चार दगड रचले. गोकुळच्या गिऱ्हाइकांनी ते बाजूला सारून मोटरसायकली लावल्या. बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्या कुणीतरी चुलीला नेल्या. रंगाचा रिकामा पिंप आणून ठेवला, तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. धरमचंदशेठला सांगितलं तर ते म्हणाले, "कुशाबा, गिऱ्हाइकाला इथून जाऊ नका म्हटलं तर ते दुकानातच यायचं नाही. तुम्ही ऑफिसाला सांगा ना." शेठ माणूस भला, पण कुणाच्या भानगडीत पडायचं नाही हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच शिकवलं होतं.

शाळा सुटली की पोरांचा लोंढा त्याच कोपऱ्यावरून जायचा. पोरं ब्लॉकवर उड्या मारायची, कारण ते आता डुगडुगायचे आणि मजा वाटायची. कुशाबा पलीकडं उभा राहून शेवटचं पोर जाईपर्यंत बघायचा. कुणी खाली गेलं तर काय, या विचारानं त्याची झोप उडाली. आणि तेव्हा त्याला ते सुचलं.

सुचलं म्हणजे काय, वरच्या आळीच्या तिठ्यावर कुणीतरी टाकलेला उतारा त्यानं पाहिला. द्रोणात गुलाल टाकलेला भात, कापलेलं लिंबू, बिबा, काळी बाहुली. बाजारची एवढी गर्दी, पण माणसं, सायकली, हातगाड्या सगळं त्याला वळसा घालून जात होतं. चार दगडांना जे जमलं नाही ते एका लिंबानं केलं होतं.

कोपऱ्यापासून दहा पावलांवर प्रयागबाईचं पोतं असायचं. निरगुडसरची ही म्हातारी वीस वर्षं तिथं बसून लिंबं, कढीपत्ता, कोथिंबीर, आलं विकायची. पहिल्या एसटीनं यायची, उन्हं उतरली की जायची. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. कुशाबाला ती धाकट्या भावासारखी वागवायची.

"आक्का, एक लिंबू द्या."

"सरबताला पायजे का?" तिनं ढिगातली तीनचार लिंबं दाबून पाहिली, एक पातळ सालीचं निवडलं. "हे घे. रस लई हाय ह्याला. आन उनाचं डोक्याला काय बांधत जा रं, पार करपलास."

दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला निघताना डब्यातला भात, गुलाल आणि बायकोच्या जुन्या काळ्या झंपरातून वळलेली बाहुली त्यानं बरोबर घेतली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फुटपाथच्या कडेला पोटावर पालथं पडून, हात लांब करून त्यानं द्रोण बरोबर खोलगट भागाच्या मधोमध सरकवला. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटलं नाही. उलट कित्येक दिवसांनी त्याला घास गोड लागला.

उपाय लागू पडला. गोकुळनं मोटरसायकली पलीकडं लावायला सांगितलं. शाळेची पोरं एकमेकांचे हात धरून रस्त्याच्या त्या बाजूनं जायला लागली. धरमचंदशेठनं दुकानाच्या त्या अंगाचं शटरच खाली ओढलं.

तीन दिवसांनी लिंबू सुकलं, भात चिमण्यांनी नेला, आणि लोक पुन्हा थोडे जवळून जायला लागले. कुशाबानं प्रयागबाईकडून दुसरं लिंबू घेतलं. इथं तो चुकला. एक उतारा म्हणजे कुणाच्या तरी घरची पीडा कुणीतरी टाकून गेलं, एवढंच. त्याच जागी दुसरा आला म्हणजे कुणीतरी मुद्दाम, पाळत ठेवून या कोपऱ्याच्या मुळावर उठलंय. बोरीत वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण त्याचं सगळं ध्यान जमिनीखाली होतं.

त्याच दिवशी टपरीमागच्याच घरात गोकुळची सहा वर्षांची श्रेया तापानं फणफणली. दोन दिवसांत ताप उतरेना तेव्हा गोकुळची आई भागूबाई कुण्या देवऋषाकडं जाऊन आली. देवऋषानं नाव घेतलं नाही. रोज तुमच्या दाराकडं तोंड करून कोण बसतं ते बघा, एवढंच म्हणाला. आणि लिंबं कुणाकडं असतात, हे तर आंधळ्यालाही दिसत होतं.

त्या दिवसापासून प्रयागबाईकडं गिऱ्हाईक येईना. सकाळी आली की तिच्या बसायच्या जागेवर कुणीतरी पाणी ओतून ठेवलेलं असायचं. भागूबाई येता-जाता तिच्या बाजूला पाहून थुंकायची. कढीपत्ता माना टाकायचा, म्हातारी त्यावर पाणी शिंपडत बसायची, आणि तिच्याकडं न बघता माणसं पुढं जायची. कुशाबा हे सगळं पाहत होता. बघणं हाच तर त्याचा जन्माचा धंदा.

मध्ये एकदा सगळं निस्तरायची संधीही आली. अर्जाचा नंबर लागला म्हणा, की साहेबांना दया आली म्हणा, ठेकेदाराचा जेसीबी कोपऱ्यावर आला. ड्रायव्हरनं खाली उतरून द्रोण पाहिला आणि दोन्ही कानांना हात लावले.

"ह्ये आदी उचला. मग हात लावतो."

"आरं, काय व्हत न्हाई त्यानं," कुशाबा म्हणाला.

"मग तुमी उचला की, भाऊ."

टपरीतली, दुकानातली सगळी माणसं बघत होती. भागूबाई आपल्या घराच्या पायरीवर उभी होती. कुशाबा एक पाऊल पुढं झाला आणि थांबला. उचललं तर विचारतील, तुला भीती कशी नाही? ठेवणाराच निर्धास्त उचलतो. आणि मग पोलीस, जादूटोण्याचा कायदा, नोकरी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तो घुटमळला तेवढ्यात ड्रायव्हरनं यंत्र वळवलं, पुढच्या कामाला गेला. आता पंधरा दिवसांनी बघू, असा ऑफिसातून निरोप आला.

त्या संध्याकाळी प्रयागबाईनं त्याला हाक मारली. तिच्यापुढं सकाळचा माल तसाच पडलेला होता.

"कुशाबा, तू समद्या गल्ल्या फिरतोस. उजाडायच्या आदी तूच असतोस रस्त्याला. तुला दिसलं आसल की रं, कोन ठेवतंय त्ये."

कुशाबा चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"दिसलं आसल तर सांग. तुझं नाव नाय घेनार म्या. फकस्त गोकुळच्या आईला सांग, की ही न्हाई म्हनून. तुझं ऐकतील."

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "मला न्हाई कुनी दिसलं."

"बरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग."

घरी जाताना तो स्वतःला समजावत होता. आणखी थोडेच दिवस. ताप काय, उतरेलच. लोक विसरतील. पण आज बोललो तर उद्या सकाळी पोरं त्या ब्लॉकवर नाचतील आणि एखादं जाईल खाली. म्हातारीला दोन शब्द सोसावे लागतील, पण जीव तर वाचतील. हिशेब त्याला बरोबर वाटत होता, आणि तरी त्याला स्वतःची लाज वाटत होती. आपण भित्रे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दररोज सकाळी तो सळई लावायचा, आता पलीकडच्या कडेवरून. आवाज रोज खोल जात होता.

आठवडे बाजाराच्या दिवशी श्रेयाला सलाईन लावल्याची बातमी दहाच्या सुमारास कोपऱ्यावर आली. कुशाबा तेव्हा वरच्या आळीत पाणी सोडत होता. खालून गलका ऐकू आला. आधी त्याला वाटलं, जमीन गेली. चावी खांद्यावर टाकून तो पळत सुटला.

जमीन जागेवर होती. कोपऱ्यावर पन्नासेक माणसं जमली होती आणि मधोमध भागूबाईनं प्रयागबाईचं मनगट धरलं होतं. म्हातारीचा पदर खांद्यावरून ओघळला होता. लिंबं रस्त्यावर घरंगळली होती.

"तुझ्या हातानं ठेवलंस, तुझ्या हातानं उचल!" भागूबाई ओरडत होती. रडून रडून तिचा घसा बसला होता. "उचल आन नदीला सोड. माझी नात तिकडं पडलीय!"

"बाई, म्या न्हाई ठेवलं. देवाशपथ न्हाई."

"मग उचलाया का भितीस?"

"आई, हात सोड तिचा," गोकुळ अर्धवट म्हणाला, पण पुढं झाला नाही. धरमचंदशेठ गल्ल्यामागं उभे राहून "अहो, जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत होते. ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

"तिकडं जाऊ नका!" कुशाबा ओरडला. "खालून पोकळ हाय त्ये!"

कुणी लक्ष दिलं नाही. गेले अठरा दिवस तो हेच सांगत होता.

प्रयागबाईनं मनगट सोडवून घेतलं. पदर डोक्यावर नीट घेतला. "उचलते," ती म्हणाली. "येकदाचं मिटूं द्या तुमचं." आणि ती फुटपाथकडं वळली. गर्दीनं तिला वाट करून दिली. तिनं चपला काढल्या. उजवा पाय उचलला.

"आक्का! म्या ठेवलंय त्ये! म्या!"

कुशाबाचा स्वतःचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. गर्दी फाडून तो पुढं आला, म्हातारीचा दंड धरून त्यानं तिला मागं ओढलं. ती धडपडून रस्त्यावर बसली.

"काय म्हनताय, कुशाबा?" गोकुळ म्हणाला.

"दोन्ही बारीला म्याच ठेवलं. कुनी पाय देऊ ने म्हनून."

"तिला वाचवाया बोलतोय!" मागून कुणीतरी म्हणालं.

कडेला उभं राहून कुशाबानं व्हॉल्व्हची चावी दोन्ही हातांनी उचलली आणि लांबून ब्लॉकवर घातली. ढोलासारखा आवाज आला. बायका मागं सरकल्या. त्यानं दुसरा घाव घातला. तिसऱ्या घावाला मधला एक ब्लॉक गपकन खाली गेला, आणि मग बाकीचे, एकामागून एक, फारसा आवाज न करता. द्रोण गेला, बाहुली गेली, गोकुळच्या टपरीपुढचं बाकडं तिरपं होऊन निम्मं आत लोंबलं. खाली पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा होता, आतून दुकानाच्या पायाखालीपर्यंत गेलेला. काळं पाणी त्यात गरगरत होतं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. पोरांनी मोबाईल काढले. गोकुळ कुशाबाच्या पाया पडला. "देवमानूस राव तुमी," तो म्हणत होता, "रोज इथं आमची पोरं..." भागूबाई मटकन खाली बसली होती आणि तोंडावर पदर घेऊन रडत होती. धरमचंदशेठनं पाण्याचा तांब्या आणला. साहेबांचा फोन आला, कुशाबानं न बोलता कापला आणि आधी जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

तो परत आला तेव्हा प्रयागबाई आपली लिंबं गोळा करत होती. लोक खड्ड्याभोवती दाटले होते, तिच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. कुशाबा खाली बसला, दोन-तीन लिंबं वेचून त्यानं पाटीत टाकली. तिनं ती बाहेर काढून रस्त्यावर ठेवली.

"कवाधरनं ठावं व्हतं तुला?" तिनं विचारलं.

"अठरा दिस झालं, आक्का."

"त्ये न्हाई. माझं नाव निघाल्यालं."

कुशाबानं मान खाली घातली. "आठ दिस."

"आठ दिस," ती म्हणाली. "आन म्या तुला इचारलं तवा?"

"तवा बी."

ती पोत्याची घडी घालत राहिली. कोपऱ्याला कोपरा लावून, अगदी सावकाश.

"कुनी पडू ने म्हनून केलं, आक्का. पोरं जात्यात इथनं. कुनी ऐकत नव्हतं माझं."

"पडलं न्हाई कुनी," प्रयागबाई म्हणाली. "चांगलं केलंस. माझ्या सुनंला फोन गेलाय, तुझी सासू करनी करती म्हनून. त्ये आता कोन निस्तरनार? सांग."

कुशाबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

पाटी निम्मी भरलेली असली तरी जड होती. असली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतोच, रस्त्यानं जाणारं अनोळखी माणूससुद्धा न सांगता थांबून हात लावतं. प्रयागबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटीच्या कडा धरल्या.

"हात लावू का?" कुशाबानं विचारलं.

"नगं."

तिनं पाटी गुडघ्यावर घेतली, तिथून छातीशी, आणि एक हिसका देऊन वर. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदा तोल गेला, पाय मागं पडला, पण पाटी डोक्यावर बसली. ती सरळ उभी राहिली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली.

बाजार ऐन भरात होता. खड्ड्याची बातमी तिच्या पुढं धावत गेली होती. उतारा कुणी ठेवला, का ठेवला, हे आता स्टँडपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तरीही ती जवळ आली की बायका पोरांना आपल्या अंगाकडं ओढून घेत होत्या, आणि एवढ्या गर्दीच्या रस्त्यावर तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी राहत होती. कुशाबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग पुन्हा फोन वाजला. वरच्या आळीतून विचारत होते, पाणी कधी सोडताय.